दोघांची चूल पाठीवर

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठींत बहुधां कींव करण्याच्या सुरांत वापरली जाते. परंतु डोंगरांत पायीं हिंडणाऱ्या माणसाला विंचवाचा हा संसार प्रत्यक्ष करावा लागतो. निवारा, पांघरूण, शिधा आणि तो शिजविण्याचीं साधनें हें सारें त्याच्या पाठीवर असतें. घरीं ज्या वस्तूच्या वजनाचा विचार कधीं मनांतहि येत नाहीं, ती वस्तु तेथें प्रत्येक चढणीला आपल्या वजनाची आठवण देते. त्यांतहि दोघें बरोबर निघालीं, मग तीं पतिपत्नी असोत, बहीणभाऊ असोत, कीं दोन मित्र असोत, तर त्यांची चूल ही एकट्याच्या चुलीची दुप्पट नव्हे आणि घरच्या स्वयंपाकघराची लहानशी नक्कलहि नव्हे. तिचा हिशेब निराळा आहे, आणि तो घरून निघण्यापूर्वीं मांडावा लागतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. सन १९५२ च्या मे महिन्याच्या अखेरीस स्विस गिर्यारोहक रेमंड लांबेर व तेन्सिंग नोर्गे यांनीं एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर सुमारें ८,४०० मीटर उंचीवर एक रात्र काढली. त्यांच्यापाशीं लहानसा तंबू होता. पण झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्हहि नव्हता. तहान भागविण्यासाठीं त्यांनीं एका रिकाम्या डब्यांत बर्फ घातला आणि तो मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळविला. मेणबत्तीवर किती पाणी होणार? दुसऱ्या दिवशीं ते सुमारें ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि परत फिरले. परत फिरण्याचीं कारणें एकाहून अधिक होतीं. प्राणवायूचीं उपकरणें चालतांना नीट काम देत नव्हतीं हें त्यांपैकीं मोठें कारण. तथापि पुढील वर्षींच्या ब्रिटिश मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनीं पाण्याच्या तुटवड्याकडे बारकाईनें लक्ष दिलें. उंचीवरील कोरड्या हवेंत श्वासावाटे शरीरांतील पाणी झपाट्यानें जातें, म्हणून प्रत्येकानें दिवसाकाठीं सुमारें ३ लिटर पेय घेतलेंच पाहिजे, आणि त्यासाठीं चांगले स्टोव्ह व पुरेसें इंधन अगदीं वरच्या तळापर्यंत नेलेंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सन १९५३ च्या २८ मेच्या रात्रीं तेच तेन्सिंग एडमंड हिलरी यांच्यासह जवळजवळ तितक्याच उंचीवर राहिले. ह्या वेळीं त्यांच्याजवळ स्टोव्ह होता. त्यांनीं बर्फ वितळवून साखर घातलेलें लिंबाचें पेय भरपूर घेतलें. सकाळीं हिलरींचे गोठून कडक झालेले बूट त्याच स्टोव्हवर धरून मऊ केले, आणि मग दोघे शिखराकडे निघाले.

एव्हरेस्ट सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. परंतु राजगडाहून तोरण्याला डोंगरधारेनें जाणाऱ्या दोघांना, किंवा कुलूच्या बाजूनें ४,२७० मीटर उंचीची हमता खिंड ओलांडून लाहूलमध्यें उतरणाऱ्या दोघांना हाच प्रश्न लहान प्रमाणांत पडतो. काय न्यावें, काय घरीं ठेवावें, आणि काय ठेवल्यास पुढें पश्चात्ताप होईल?

उत्तराचा आरंभ भांड्यांपासून न करतां ताटापासून करावा. प्रथम काय खावयाचें तें ठरवावें. मग पातेलें, मग आंच आणि शेवटीं इंधन. पुष्कळांचा क्रम ह्याच्या उलट असतो. दुकानांत एखादा सुबक बर्नर दिसतो, तो विकत घेतला जातो, आणि मग त्याच्यावर न बसणारें पातेलें व त्यांत न शिजणारी डाळ यांच्याशीं डोंगरावर झगडा सुरू होतो.

सह्याद्रींतील एका रात्रीच्या भटकंतींत पायथ्याच्या वाडींत पिठलें-भाकरी मिळत असेल तर चूल न नेणें हीच सर्वांत हलकी निवड होय. दशम्या, धपाटे, गूळ-शेंगदाणे, भडंग, सातूचें पीठ ह्या शिदोरीवर दोघांचा एक दिवस सुखानें जातो. दुसरा प्रकार केवळ उकळत्या पाण्याच्या स्वयंपाकाचा. घरींच फोडणी देऊन भाजलेला रवा, जाडसर पोहे, शेवया, सूप, चहा अशा पदार्थांना पाणी उकळून त्यांवर ओतणें आणि झांकून ठेवणें एवढेंच पुरतें. तिसरा प्रकार खऱ्या शिजविण्याचा, म्हणजे खिचडी, वरण-भात, पिठलें यांचा. दुसऱ्या प्रकाराला कोणतेंहि पातळ भांडें चालतें. तिसऱ्याला आंच कमीजास्त करतां येणारी चूल व उष्णता सारखी पसरविणारें भांडें लागतें. दोघांपैकीं एकाला रात्रीं गरम भात हवा आणि दुसऱ्याला सूपावर भागतें, असें पुष्कळदां असतें. हा मतभेद घरच्या बैठकींत मिटविणें बरें. थंडींत, थकल्या अंगानें तो मिटविणें कठीण जातें.

आतां दोघांमुळें हिशेब कसा बदलतो तें पाहूं जातां असें दिसतें कीं, एकट्याला सुमारें पाऊण ते एक लिटरचें पातेलें पुरतें; दोघांना सव्वा ते दीड लिटरचें लागतें. पातेल्याची धारणशक्ति वाढते त्या मानानें त्याचा पत्रा वाढत नाहीं, म्हणून दोघांचें पातेलें एकट्याच्या दोन पातेल्यांहून हलकें भरतें. बर्नर एकच, वाऱ्याचा आडोसा एकच, सांडशी एकच. चहासाठीं एक आणि भातासाठीं एक अशीं दोन पातेलीं नेण्याचा मोह होतो, पण ज्वाला एकच असल्यामुळें दुसरें पातेलें बहुतेक वेळ रिकामेंच बसून राहतें. आधीं चहा करून तो पेल्यांत ओतावा आणि त्याच पातेल्यांत भात चढवावा. तो शिजेपर्यंत चहा पिऊन होतो.

इंधन किती लागेल याचें गणित सोपें असून तें एकदां समजलें कीं पुढें अंदाजावर विसंबावें लागत नाहीं. १ लिटर पाणी १ अंश तापविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. २० अंशांचें पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास म्हणून ८० किलोकॅलरी लागतात. स्वयंपाकाच्या गॅसपासून दर ग्रॅममागें सुमारें ११, रॉकेलपासून सुमारें १०, स्पिरिटपासून सुमारें साडेसहा आणि वाळलेल्या लांकडापासून साडेतीन ते चार किलोकॅलरी मिळतात. उघड्यावर ह्या उष्णतेपैकीं निम्मीच पाण्यांत उतरते, बाकीची वारा नेतो. म्हणजे एक लिटर पाणी उकळण्यास सुमारें १५ ग्रॅम गॅस अथवा २५ ग्रॅम स्पिरिट धरावें. पहांटे ओढ्याचें पाणी ५ अंशांचें असेल तर आणखी पंचमांश भर घालावी. आणि पाण्याऐवजीं बर्फ असेल तर गणित पार पालटतें. ० अंशाच्या १ किलो बर्फाचें नुसतें पाणी होण्यासच ८० किलोकॅलरी खर्चीं पडतात, म्हणजे साधें पाणी उकळण्याइतकी उष्णता तें वितळण्यांतच जाते. हिमाच्या प्रदेशांत दुपटीहून अधिक इंधन लागतें तें ह्यामुळें. कोरडा बर्फ रिकाम्या पातेल्यांत घालून आंच मोठी केल्यास तळ करपतो. तळाशीं घोटभर पाणी ठेवून त्यांत थोडा थोडा बर्फ घालीत जावा.

चुलींपैकीं सर्वांत जुनी तीन दगडांची. तिला वजन नाहीं आणि पैसाहि पडत नाहीं, म्हणून ती वरवर पाहतां आदर्श वाटते. परंतु दिवाळीनंतर सह्याद्रीवरील गवत वाळून कोळ होतें. तेथें एक ठिणगी अख्खा डोंगर काळा करूं शकते. अभयारण्यांत विस्तवावर निर्बंध असतात, आणि संरक्षित स्मारकांच्या आवारांत नेमून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाकास मनाई असते. गडावरच्या गुहांच्या व देवळांच्या भिंती धुरानें काळ्या झालेल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना ह्या नियमांचें कारण सांगावें लागत नाहीं. वृक्षरेषेच्या वर तर लांकूडच नसतें. तेव्हां दोघांनीं लांकडावर विसंबून निघूं नये हेंच खरें.

रॉकेलच्या स्टोव्हचा इतिहास दोघांच्या चुलीच्या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनीं सन १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टोव्ह बाजारांत आणला. पंप मारून रॉकेल तापलेल्या नळींतून चढवावयाचें, तेथें त्याची वाफ व्हावयाची आणि ती निळ्या ज्योतीनें, काजळी न धरतां जळावयाची, ही त्याची रचना. पुढें हाच स्टोव्ह मुंबई-पुण्याच्या घराघरांत फरफर करीत चहा उकळूं लागला, आणि त्याची पिन शोधण्यांत कित्येक सकाळी गेल्या. सन १८९५ च्या १४ मार्च रोजीं फ्रित्यॉफ नान्सेन व यालमार योहान्सेन हे दोघे नॉर्वेजियन आपलें 'फ्राम' जहाज सोडून कुत्र्यांच्या गाड्यांसह उत्तर ध्रुवाकडे निघाले तेव्हां त्यांच्याबरोबर प्रायमसच होता. त्यावर नान्सेन यांनीं एक युक्तीचें भांडें बसविलें होतें. मध्यें शिजविण्याचें पातेलें, त्याच्याभोंवतीं कड्यासारखें बर्फ वितळविण्याचें भांडें, वर आणखी एक ताटलीवजा भांडें, आणि सर्वांवर एक आवरण. पातेल्याला चाटून जाणारी उष्ण हवा बाहेर निसटण्यापूर्वीं भोंवतालचा बर्फ वितळवीत असे. अशा काटकसरीनें ते दोघे ८६ अंश १४ कला उत्तर अक्षांशापर्यंत पोंचले, आणि पुढील हिवाळा फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूहांत काढून जिवंत परतले. आज कांहीं पातेल्यांच्या तळाशीं पत्र्याची झालर लावलेली असते. तिच्या मागें तत्त्व हेंच आहे. ज्यांना बर्फ वितळवावयाचा आहे किंवा आठवड्याहून अधिक दिवस हिंडावयाचें आहे त्यांनीं तिचें अधिक वजन पत्करावें. तीन रात्रींच्या प्रवासांत तें भरून येत नाहीं.

रॉकेलचा स्टोव्ह थंडींत व उंचीवर विश्वासू आहे. पण तो जड आहे, तो स्पिरिट जाळून आधीं तापवावा लागतो, आणि रॉकेल एकदां पिशवींत सांडलें कीं डाळ-तांदळास त्याचा वास कायमचा लागतो. इंधनाच्या डब्याचें झांकण ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सन १९१२ मध्यें दक्षिण ध्रुवाहून परतणाऱ्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीला वाटेवरच्या सांठ्यांतील डब्यांत रॉकेल अपेक्षेहून कमी आढळलें. बुचांच्या चामड्याच्या चकत्या थंडीनें निकामी होऊन तें निसटलें होतें. आमुन्सेन यांनीं आपले डबे डाख देऊन बंद केले होते.

स्पिरिटचा दिवा, म्हणजे पत्र्याच्या डबीची केलेली छोटी चूल, वजनाला जवळजवळ नाहींच, वीस-पंचवीस ग्रॅम. गॅसची चूल घ्यावी तर बर्नर ८० ते १०० ग्रॅमचा, आणि २३० ग्रॅम गॅसच्या डब्याचें, म्हणजे कॅनिस्टरचें, रिकामें वजनच सुमारें १५० ग्रॅम. स्पिरिटच्या बाटलीचें वजन वजा जातां गॅसच्या साहित्यांत धातूचें ओझें सुमारें २०० ग्रॅमांनीं अधिक पडतें. उलट प्रत्येक लिटर पाण्यामागें गॅस १० ग्रॅम वांचवितो. म्हणून २० लिटर पाणी उकळेपर्यंत स्पिरिट हलकें, त्यापुढें गॅस हलका. एकटा मनुष्य दिवसाला दीड लिटर पाणी उकळीत असेल तर ही सीमा येण्यास जवळजवळ दोन आठवडे लागतात. दोघें मिळून ३ लिटर उकळीत असतील तर ती एका आठवड्यांत येते. दोघांना गॅस लवकर परवडतो तो ह्या कारणानें.

पण वजन हा एकच निकष नव्हे. स्पिरिटवर लिटरभर पाण्यास दहा मिनिटें किंवा अधिक लागतात, गॅसवर त्याच्या निम्मा वेळ लागतो. स्पिरिटची आंच मनाप्रमाणें कमी करतां येत नाहीं, त्यामुळें भात लागतो. सर्वांत मोठा दोष असा कीं भर उन्हांत त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाहीं. विझला असें समजून जळत्या दिव्यांत पुन्हां स्पिरिट ओतल्यानें माणसें भाजलेलीं आहेत. आणि दिवा लवंडला तर पेटलेलें स्पिरिट गवतांतून वाहत जातें. दोघांचें पातेलें मोठें व जड असल्यामुळें लवंडण्याचा धोकाहि अधिक. सारांश, एक-दोन रात्री, उकळत्या पाण्याचा स्वयंपाक आणि सावध हात असतील तर स्पिरिट. एरवीं दोघांनीं गॅस घ्यावा हें श्रेयस्कर.

गॅसची मात्र एक खोड आहे. डब्यांत द्रवरूपांत असलेला गॅस वायुरूप झाल्याखेरीज जळत नाहीं. ब्यूटेन शून्याच्या किंचित् खालीं, उणे अर्ध्या अंशावर उकळतो; आयसोब्यूटेन उणे १२ च्या सुमारास, आणि प्रोपेन उणे ४२ वर. म्हणून नुसत्या ब्यूटेनचा डबा हिमालयांतील पहांटे मुका बसतो, तर आयसोब्यूटेन व प्रोपेन मिसळलेला डबा पेटतो. डब्यावरचा मजकूर वाचून मगच तो घ्यावा. रात्रीं डबा झोपण्याच्या पिशवींत पायथ्याशीं ठेवावा; पेटवितांना कोमट पाण्याच्या उथळ ताटलींत उभा करावा. तो आंचेजवळ तापविणें म्हणजे अपघातास आमंत्रण होय. ह्याच कारणासाठीं डब्यावर थेट बसणाऱ्या बर्नरभोंवतीं पत्र्याचा आडोसा चहूंबाजूंनीं बंद करूं नये. आंत कोंडलेली उष्णता डब्याला तापविते व डबा फुटूं शकतो. आडोसा वाऱ्याच्या बाजूस, अर्धवर्तुळांत, हातभर मोकळें ठेवून करावा. डब्याला मधून मधून हात लावावा. तो गरम लागला तर आडोसा काढावा.

पातेल्याच्या धातूविषयीं मतें पुष्कळ, पण गुणधर्म ठरलेले आहेत. सारख्याच आकाराच्या तुकड्यांत ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट, टायटॅनियम ४.५ पट, स्टेनलेस पोलाद सुमारें ८ पट आणि पितळ त्याहूनहि किंचित् जड असतें. उष्णता पसरविण्यांत मात्र ॲल्युमिनियम हें टायटॅनियम व स्टेनलेस पोलाद यांच्या दहापट सरस आहे. टायटॅनियम बळकट असल्यामुळें त्याचें पातेलें अतिशय पातळ करतां येतें आणि तें सर्वांत हलकें भरतें. परंतु ज्वाला लागते तेवढाच तळ तापतो आणि खिचडी मधोमध करपून कडेला कच्ची राहते. पाणीच उकळावयाचें असेल तर टायटॅनियम उत्तम. दोघांना भात शिजवावयाचा असेल तर ॲल्युमिनियम अधिक शहाणपणाचें, आणि किंमतीनेंहि पुष्कळ स्वस्त. भांड्यांच्या दुकानांतील हिंडालियमचें दीड लिटरचें साधें पातेलें, जर फार जाड नसेल तर, ह्या कामाला चांगलें उपयोगी पडतें. कोकम-चिंचेसारखे आंबट पदार्थ मात्र उघड्या ॲल्युमिनियममध्यें फार वेळ ठेवूं नयेत. आकार उंच व अरुंद असण्यापेक्षां बसका व रुंद असावा. ज्वालेची उष्णता तळाखालींच घेतली जाते, पातेलें स्थिर बसतें, आणि दोघांना त्यांतून वाढून घेणें सोपें जातें. झांकण तर हवेंच. त्यामुळें इंधन वांचतें आणि तेंच उलटें करून ताटली होते.

उंचीमुळें आणखी एक अडचण येते. दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदु साधारण १ अंशानें उतरतो. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, पाणी सुमारें ९५ अंशांवर उकळतें. तेथें फरक फारसा जाणवत नाहीं. हमता खिंडीच्या उंचीवर तें सुमारें ८६ अंशांवरच उकळूं लागतें, आणि तूरडाळ तास गेला तरी बोटचेपी होत नाहीं. लहान प्रेशर कुकर हा त्यावरचा खरा उपाय. पण त्याचें वजन एक किलोच्या आसपास जातें. दहाजणांच्या तुकडींत तें खपतें, दोघांत खपत नाहीं. दोघांनीं तूरडाळ घरींच ठेवावी. मुगाची किंवा मसुरीची डाळ घ्यावी, ती दुपारपासून भिजत घालावी, आणि एक दणदणीत उकळी आल्यावर पातेलें झांकून लोकरीच्या टोप्यांत व जाकिटांत गुंडाळून अर्धा तास ठेवावें. आजीबाई भाताचें पातेलें गोधडींत गुंडाळून ठेवीत. तीच ही रीत. पिण्याचें पाणी निर्धोक करण्यास मात्र उकळी पुरेशी होते. खालच्या प्रदेशांत ती १ मिनिट राखावी. २,००० मीटरांच्या वर ३ मिनिटें.

एका धोक्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. बाहेर पाऊस किंवा बोचरा वारा असतांना चूल तंबूच्या आंत घेण्याचा मोह अनावर होतो. बंद जागेंत ज्वालेला हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. गार पातेल्याचा तळ ज्वालेला अगदीं टेकला असेल तर तो अधिकच होतो. त्याला रंग नाहीं आणि वासहि नाहीं. त्यानें झोंप येते, आणि त्या झोंपेंतून माणूस उठत नाहीं. दोघें एकाच तंबूंत असल्यामुळें दोघांनाहि एकदमच गुंगी येते, मग जागें करणार कोण? चूल तंबूच्या बाहेर लावावी. तें अशक्य झाल्यास त्या रात्रीं कोरडा शिधा खाऊन झोपावें. थंड जेवणानें कोणाचा जीव जात नाहीं.

हमता खिंडीसारख्या चार रात्रींच्या प्रवासासाठीं दोघांच्या चुलीचा जमाखर्च असा मांडतां येईल. बर्नर ९० ग्रॅम. २३० ग्रॅम गॅसचा भरलेला डबा सुमारें ३८० ग्रॅम. झांकणासह दीड लिटरचें पातेलें २२०. आडोशाचा पत्रा ३०. लहान सांडशी ५०. दोन पेले १२०. दोन लांब दांड्यांचे चमचे ३०. लायटर व मेणकापडांत बांधलेली आगपेटी ३०. घासणी व फडकें २०. एकूण ९७० ग्रॅम, म्हणजे किलोच्या आंत आणि माणशीं अर्ध्या किलोहून कमी. दिवसाला ३ लिटर पाण्याप्रमाणें चार दिवसांचे १२ लिटर होतात. गार पाणी व वारा जमेस धरून लिटरला १७ ग्रॅम गॅस मानला तरी २०४ ग्रॅम लागतो. २३० ग्रॅमांत थोडी शिल्लक राहते. रोज रात्रीं खिचडी मंद आंचेवर शिजवावयाची असेल तर ही शिल्लक पुरणार नाहीं. १०० ग्रॅमांचा एक छोटा डबा आणखी घ्यावा. मात्र २०० ग्रॅमांसाठीं दोन छोटे डबे घेण्याऐवजीं एक मोठा घ्यावा, कारण दोन डब्यांचा पत्रा अधिक भरतो. ताटें, वाट्या, डाव, उलथणें, पोळपाट हीं सर्व घरींच शोभतात. एकानें पातेल्यांतून व दुसऱ्यानें झांकणांतून जेवावें. पेला मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. एक चमचा हरवला तर दोघांना एकच वापरतां येतो, पण गरम चहाच्या एका पेल्यावर दोघांचा धीर टिकत नाहीं.

हें ओझें दोघांत कसें वांटावें? वजनानें समान वांटणी करणें न्यायाचें दिसतें, पण चढणीवर खरा न्याय शक्तिप्रमाणें असतो. हळू चालणाऱ्याची पिशवी हलकी केली तर दोघेंहि मुक्कामाला लवकर पोंचतात. त्याहून महत्त्वाचें असें कीं एकाजवळ बर्नर आणि दुसऱ्याजवळ डबा अशी वांटणी केल्यास धुक्यांत चुकामूक होतांच दोघेंहि चुलीला मुकतात. बर्नर, डबा व पातेलें एकाकडे राहूं द्यावें. दुसऱ्याकडे तंबू आणि न शिजवितां खातां येईल असा एका दिवसाचा शिधा असावा. आगपेटी व पाण्याची बाटली दोघांकडेहि असावी.

प्रवासाची एक अडचण ठाऊक असलेली बरी. गॅसचे डबे, रॉकेल व स्पिरिट विमानांत नेतां येत नाहींत, आणि रेल्वेंतहि ज्वालाग्राही वस्तु नेणें गुन्हा आहे. दोघांनीं बर्नर व पातेलें घरून न्यावें आणि गॅस मनालीसारख्या पायथ्याच्या गांवीं घ्यावा. तेथें आपल्या बर्नरच्या आट्यांचा डबा मिळतो कीं नाहीं तें आधीं विचारून घ्यावें. रिकामा डबा डोंगरावर टाकूं नये. तो परत आणणें हें चुलीच्या हिशेबांतलेंच एक कलम आहे.

निघण्यापूर्वीं एका संध्याकाळीं घराच्या गच्चीवर सारें मांडून पाहावें. भरलेला डबा स्वयंपाकघरांतील तराजूवर तोलावा, लिटरभर पाणी उकळावें, ठरलेली खिचडी करावी, आणि डबा पुन्हां तोलावा. कमी झालेले ग्रॅम कोणत्याहि पुस्तकापेक्षां खरे बोलतात. सांडशी पातेल्याला पकडते कीं नाहीं, दीड लिटर पाण्यासह पातेलें बर्नरवर डळमळतें कीं काय, दोघांची भूक एका पातेल्यांत मावते कीं नाहीं, हें त्याच संध्याकाळीं कळतें. ज्याला अंधारांत, हातमोजे घालून चूल पेटवितां येत नाहीं त्यानें ती गच्चीवरच शिकून घ्यावी. कारण दोघांपैकीं एक आजारी पडला तर दुसऱ्याला ती पेटवावीच लागते, आणि त्या वेळीं ऊन पाण्याचा एक पेला हेंच औषध असतें.

तेन्सिंग एकदां मेणबत्तीपाशीं बसले आणि एक वर्षानें स्टोव्हपाशीं बसले. दोन्ही वेळां बरोबरचा सोबती खंबीर होता, धैर्यहि तेंच होतें. दुसऱ्या वेळीं तयारी अधिक होती, आणि तींत तो स्टोव्ह व त्याचें इंधन हेंहि होतें. सह्याद्रीच्या धारेवर किंवा हिमालयाच्या खिंडींत जाणाऱ्या दोघांना इतक्या मोठ्या कसोटीला उतरावें लागत नाहीं. तरी दिवसभराच्या चालीनंतर अंधार पडतांना निळी ज्योत पेटते, झांकणाखालचें पाणी गुणगुणूं लागतें, आणि दोन पेले शेजारीं शेजारीं ठेवले जातात, तेव्हां पाठीवर आणलेल्या त्या किलोभर ओझ्याचा मोबदला पुरेपूर मिळालेला असतो.